फसव्या आमिषाची हकीकत

आमिष ह्या शब्दाचा मूळ अर्थ मांस. संस्कृतांत तो मांसालाहि लागतो आणि माशास भुलविण्यासाठीं गळाला लाविलेल्या घांसालाहि लागतो. मराठींत पहिला अर्थ सामिष-निरामिष ह्या जोडशब्दांपुरता उरला आणि दुसरा इतका पसरला कीं, आतां आमिष म्हटलें म्हणजे कोणाच्या डोळ्यांपुढें मासा येतच नाहीं. नोकरीचें, पैशाचें किंवा लग्नाचें आमिष येतें. 'गळाला लागणें' ह्या प्रयोगाचीहि तीच गत. ज्या धंद्यानें भाषेला हीं दोन चलनी नाणीं दिलीं, त्याचा इतिहास म्हणून मराठींत लिहिलेलें फार थोडें आहे. आणि गळाला खऱ्या घांसाऐवजीं पीस, शिंपला, पत्रा किंवा रबर बांधून माशाला फसविण्याची जी कला, तिच्या वांट्याला तर त्यांतलेंहि फारसें आलेलें नाहीं.

हा विषय हातीं घेण्यास आम्हांस कारण झालें तें ठाणें जिल्ह्यांतील राई हें गांव. भाईंदर स्टेशनावरून पश्चिमेस उत्तनकडे जाऊं लागलें म्हणजे मुर्धा, राई, मोर्वा अशीं गांवें एकामागून एक लागतात. उत्तरेकडे वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचें मुख. पश्चिमेकडे डोंगरी ओलांडली कीं उत्तन, पाली, चौक आणि उघडा समुद्र. आणि मध्यें मिठागरें, खाजणें व तिवरांचीं रानें. साष्टीच्या ह्या कोपऱ्यावर १५३४ नंतर पोर्तुगीजांचा, १७३७ नंतर मराठ्यांचा व १७७४ च्या अखेरीपासून इंग्रजांचा अंमल झाला. १९८५ सालीं मिरा-भाईंदरची नगरपालिका झाली व २००२ सालीं महानगरपालिका. राज्यें आणि कचेऱ्या बदलल्या, परंतु अष्टमीला पाणी किती चढेल व अमावास्येला किती, हें बोटांवर सांगणारीं माणसें ह्या गांवांतून अजून भेटतात.

आज रविवारीं पहाटे उत्तनच्या खडकांवर गेलें असतां लांब, लवचीक काठ्या घेतलेले तरुण उभे दिसतात. त्यांच्या दोऱ्याच्या टोकाला कोळंबी नसते, बोयीचा तुकडाहि नसतो. असतो तो रंगविलेला लांकडाचा किंवा प्लास्टिकचा मासा, चकचकीत पत्रा, नाहीं तर शिशाच्या डोक्यामागें खोंवलेली रबराची शेपटी. ह्या वस्तूला ते 'ल्युअर' म्हणतात. मराठींत तिला सर्वमान्य नांव नाहीं. ह्या लेखापुरतें आम्ही तिला फसवें आमिष म्हणूं.

ह्या कलेविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, ही सारी साहेबाची व जपान्याची विद्या. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांस जाळें टाकण्यापलीकडे कांहीं सुचलें नाहीं. दुसरें असें कीं, आपल्या पूर्वजांस हें सर्व आठशें वर्षांपूर्वींच ठाऊक होतें. आणि ह्याला पुरावा म्हणून एका संस्कृत ग्रंथाचें नांव घेण्यांत येतें. पहिल्या मतानें कोळ्या-आगऱ्यांवर अन्याय होतो आणि दुसऱ्यानें त्या ग्रंथावर.

ग्रंथापासून आरंभ करूं. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या नांवावर असलेला 'मानसोल्लास' हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमारास रचला गेला. मराठी वाचकांस तो परका नाहीं. त्यांत जुन्या मराठी पदांच्या ओळी सांपडतात, म्हणून आपल्या भाषेच्या इतिहासांत त्याचें नांव वारंवार येतें. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ पासून तो भागाभागानें प्रसिद्ध झाला. राजानें कोणकोणते विनोद करावे हें सांगतांना त्यांत 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण येतें. समुद्रांतले मासे कोणते व नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणत्या माशाला कोणतें खाद्य घालून पोसावें, गळाचें सूत व काठी कशी असावी, असा त्याचा क्रम आहे. इंग्लंडांत ह्या विषयावरचा पहिला निबंध छापला गेला तो १४९६ सालीं. म्हणजे सोमेश्वर त्याच्या साडेतीनशेंहून अधिक वर्षें आधींचा. एवढ्याचा अभिमान बाळगण्यास कांहींच प्रत्यवाय नाहीं.

परंतु त्या प्रकरणाचा सारा भर खऱ्या खाद्यावर आहे. माशाला आधीं पोसावें, त्याला त्या जागेची व त्या घांसाची संवय लावावी, आणि मग तोच घांस गळावर द्यावा, अशी ही रीत आहे. ज्याचे पाहुणे आधींच पंगतीला बसले आहेत त्याला आमंत्रणाची चतुराई कशाला हवी? हा विनोद सेवकांनीं राखलेल्या पाण्याच्या कांठचा आहे, खाडीच्या बांधावरचा नव्हे. त्यांत फसवें आमिष शोधणें म्हणजे ग्रंथानें जें दिलें तें सोडून जें दिलें नाहीं तें मागणें होय.

गळ स्वतः मात्र फार पुरातन. जपानच्या ओकिनावा बेटावरील एका गुहेंत शिंपल्याचे गळ सांपडले आहेत, ते सुमारें तेवीस हजार वर्षांपूर्वींचे ठरले आहेत. सिंधु संस्कृतीच्या लोकांपाशीं तांब्याचे गळ होते आणि त्यांतल्या कांहींना उलटा कांटाहि होता. ज्या दिवशीं हा उलटा कांटा निघाला, त्या दिवशीं मासा सुटून जाण्याची भीति पुष्कळ कमी झाली. पण मासा गळाकडे यावा कसा, हा प्रश्न त्यानंतरहि उरलाच.

तो प्रश्न खऱ्या घांसावांचून सोडविल्याची एक जुनी व स्पष्ट नोंद ईलियन नांवाच्या रोमन ग्रंथकाराची आहे, त्यानें इ. स. २०० च्या सुमारास ग्रीक भाषेंत प्राण्यांविषयीं एक मोठा ग्रंथ लिहिला. मॅसिडोनियांतील एका नदीवर एक जातीची माशी घोंघावते आणि पाण्यांतले ठिपकेदार मासे ती टिपतात, असें तो सांगतो. मग लोक तीच माशी गळाला कां लावीत नाहींत? तर माणसाचा हात लागतांच तिचा रंग उडतो, पंख गळतात आणि मासा तिला तोंड लावीनासा होतो. म्हणून ते गळाभोंवतीं तांबडी लोंकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याजवळचीं दोन पिसें तिला बांधतात. आम्हांस ह्या हकीकतींत माशीपेक्षां तिच्या मागचें कारण महत्त्वाचें वाटतें. खरें आमिष हातांत टिकेना, म्हणून खोटें करावें लागलें.

प्रशांत महासागराच्या बेटांवर गरज निराळी, उत्तर तसेंच. तेथील लोक चकाकणाऱ्या मोत्याच्या शिंपल्याचा लांबट दांडा घांसून त्याला हाडाचें किंवा कांसवाच्या पाठीचें टोंक बांधीत आणि शेपटीकडे पिसांचा वा डुकराच्या केसांचा झुबका लावीत. होडी जोरानें वल्हवून हा गळ पाण्याच्या पृष्ठाजवळून ओढला म्हणजे तो पळत्या माशासारखा दिसे आणि कुप्याच्या जातीचे मासे त्यावर झडप घालीत. वेगानें धांवणाऱ्या थव्यामागें जातांना प्रत्येक वेळीं गळाला नवा घांस लावण्यास सवड कोठून असणार? आपल्याच देशांतील लक्षद्वीपाच्या मिनिकॉय बेटावर आजहि ह्याच्याशीं जुळणारी रीत आहे. जिवंत बारीक मासळी पाण्यांत फेंकून कुप्यांचा थवा होडीजवळ आणतात आणि तो खवळला कीं काठीला बांधलेला नुसता चकचकीत गळ त्यांत सोडतात. त्या गळाला घांस नसतो व उलटा कांटाहि नसतो. मासा उचलून होडींत आपटला कीं आपोआप सुटतो आणि पुढच्याच क्षणीं गळ पुनः पाण्यांत जातो.

तेव्हां फसवें आमिष हें श्रीमंतांचें खेळणें म्हणून जन्मलें, हें खरें नव्हे. तें पोटाच्या धंद्यांतून निघालें आहे. पण सर्व ठिकाणीं नव्हे, जेथें पाणी स्वच्छ आहे आणि खरा घांस अडचणीचा आहे तेथें. ही गोष्ट मनांत धरून आतां राईकडे परत येऊं.

वसईच्या खाडीचें पाणी गढूळ असतें. उल्हासचा गाळ, उथळ चिखलट तळ, आणि त्याला दिवसांतून दोनदां ढवळणारी भरती-ओहोटी. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवशीं पाणी चार ते पांच मीटर चढतें-उतरतें. गोव्याकडे हाच फरक जवळ जवळ निम्मा. सहा तासांत एवढें पाणी खाडीच्या तोंडांतून आंत शिरावयाचें व पुढच्या सहा तासांत बाहेर पडावयाचें, तेव्हां त्याचा वेग काय असेल याची कल्पना करावी. ह्या वेगाला कोळ्यांनीं कामाला लावलें तें डोलीनें. डोल म्हणजे रुंद तोंडाची, मागें निमुळती होत जाणारी लांबच लांब जाळ्याची पिशवी. तिचें तोंड प्रवाहाकडे करून ती रोंवलेल्या खांबांना किंवा नांगरांना बांधून ठेवावयाची. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली हें सारें पाणीच आणून तींत भरतें. उत्तनचा किनारा डोलीसाठीं नांवाजलेला आहे. आंतल्या बाजूस, राई-मोर्व्याच्या खाजणांतून, पाग होता आणि उघाडी होती. भरतीला उघाडीचें दार उघडून पाणी व त्याबरोबर आलेली मासळी आंत घ्यावयाची आणि ओहोटीला तोंडाशीं जाळें लावावयाचें. जेथें समुद्र स्वतःच मासळी दाराशीं आणून टाकतो, तेथें एकेका माशामागें पिसें बांधीत बसणारा मनुष्य शहाणा ठरला नसता.

शिवाय गळ टाकावयाचाच झाला तर घांस पायांशीं होता. ओंजळभर कोळंबी किंवा एखादी निवटी चिखलांतून काढण्यास पोरालाहि कष्ट नव्हते. मॅसिडोनियाच्या माशीप्रमाणें ती हातांत विरघळत नसे. आणि तिला एक गुण असा होता, जो चकचकीत शिंपल्याला ह्या पाण्यांत कधींच येता ना: तिला वास होता. वीतभर अंतरावरचें जेथें दिसत नाहीं, तेथें मासा वासानें येतो, चकाकीनें नव्हे. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, ह्या किनाऱ्यावर फसवें आमिष निपजलें नाहीं तें अज्ञानामुळें नव्हे, तर पाण्याच्या पूर्ण ज्ञानामुळें. ह्याला दक्षिणेकडून दुजोराहि मिळतो. मालवणाकडे खडक अधिक व पाणी निवळ; तेथें गरीनें मासे धरण्याला 'गरवणें' असें स्वतंत्र क्रियापदच आहे.

कोळ्याच्या गळाविषयीं जुन्या कागदांतून फारसें कां मिळत नाहीं, ह्याचाहि उलगडा कठीण नाहीं. दप्तरांत नोंद होते ती कर बसतो त्या वस्तूची. होडी मोजतां येते, मिठागराची वाफ मोजतां येते. म्हाताऱ्याच्या कनवटीला गुंडाळलेला दोरा व दोन गळ कोणता कारकून मोजणार? ठाणें जिल्ह्याच्या १८८२ सालच्या ग्याझेटियरांतहि मासे व मासेमारी ह्यांची माहिती आहे, परंतु ती धंद्याच्या अंगानें आहे.

साहेबानें लिहिलें तें दुसऱ्या टोंकाकडून. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस ह्याचें हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवरचें पुस्तक १८७३ सालीं निघालें. त्याच वर्षीं फ्रान्सिस डे ह्या लष्करी डॉक्टरानें हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या समुद्री मासेमारीवर अहवाल दिला, आणि १८७५ ते १८७८ ह्या काळांत त्याचा हिंदी माशांवरचा महाग्रंथ प्रसिद्ध झाला. दोघांचीहि विद्वत्ता व मेहनत निःसंशय मोठी. डोंगरी नद्यांतील महसीर माशाला फिरत्या आमिषानें व पितळी-रुपेरी चमच्यानें कसें भुलवावें, हें टॉमसनें इतक्या बारकाईनें व रंगून सांगितलें आहे कीं तीं पानें अजून वाचनीय वाटतात. पण दोन्ही लेखकांत देशी कोळी येतो तो बहुधा आरोपी म्हणून: बारीक जाळ्यांनीं पिल्लें मारणारा, विष घालणारा. नद्यांविषयीं त्या आरोपांत तथ्य होतें. डे व टॉमस ह्यांनीं चालविलेल्या चर्चेची परिणति १८९७ च्या मासेमारीच्या कायद्यांत झाली आणि विष व सुरुंगाची दारू वापरण्यास बंदी आली, हें चांगलेंच झालें. मात्र गळाची कुशलता ही शिकारी गृहस्थाची व जाळ्याचा अविचार हा देशी माणसाचा, अशी जी वांटणी त्या काळीं झाली, ती पुढें आपल्या लोकांच्याहि डोक्यांत बसली. आजच्या पहिल्या मताचें मूळ तेथें आहे.

चमच्याची गोष्ट वर आली, ती पुरी करूं. अमेरिकेंतील जूलिओ ब्यूएल ह्या तरुणाच्या हातून होडींत जेवतांना चमचा तळ्यांत पडला, तो गिरक्या खात बुडत असतां एका मोठ्या माशानें त्यावर झडप घातली, आणि त्यावरून त्याला दांडी कापलेल्या चमच्याला गळ जोडण्याची युक्ति सुचली, अशी कथा सांगतात. कथा कशीहि असो, त्याला १८५२ सालीं पेटंट मिळालें हें खरें. १९३६ सालीं फिनलंडांतील लौरी रापाला ह्या गरीब कोळ्यानें बुचाचा मासा कोरला, त्याला चॉकोलेटाच्या वेष्टनाचा चंदेरी कागद लावला आणि छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्याचा लेप दिला. थव्यांतल्या लंगडणाऱ्या माशाला मोठा मासा आधीं धरतो, हें त्यानें वल्हवतां वल्हवतां पाहिलें होतें. त्याचा बुचाचा मासा तसाच लंगडत पोहे. १९६२ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील 'लाइफ' साप्ताहिकानें त्यावर लेख छापला. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली नटी मेरिलिन मन्रो होती. अंक विलक्षण खपला आणि बुचाच्या माशाचें नांव जगभर गेलें. १९४९ सालीं ओहायओ संस्थानांत निक क्रीम नांवाच्या गृहस्थानें स्वयंपाकघरांतल्या चुलीवर प्लास्टिक शिजवून मऊ गांडूळ ओतलें. आजच्या रबरी शेपट्यांची ती आजी. ह्या तिघांत मोठा कारखानदार म्हणून आरंभीं कोणीच नव्हता.

दोऱ्याचा इतिहासहि ह्याच काळांत पालटला. पूर्वीं सूत, ताग, घोड्याचे केस. युरोपांत रेशमाच्या किड्यापासून ओढलेली तांत. १९३८ सालीं अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीनें नायलॉन जाहीर केलें आणि १९५० नंतरच्या दशकांत तें आपल्या किनाऱ्यावर आलें. सुताचें जाळें झाडाच्या सालींच्या रसांत बुडवून टिकवावें लागे, तो व्याप गेला. पाण्यांत न दिसणारा बारीक व बळकट दोरा ज्याला मिळाला, त्याला किनाऱ्यावरूनच दूर फेंक करणें शक्य झालें.

आतां फसवें आमिष बांधतात कसें, हें सांगितलें पाहिजे. कारण वस्तूची घडण कळल्यावांचून तिची हकीकत अर्धवटच राहते. सर्वांत साधें तें पिसाचें. मध्यम गळाच्या डोळ्याजवळ शिशाची गोळी घट्ट बसवावी आणि तिच्यामागें पांढऱ्या कोंबड्याचीं पांच-सहा पिसें दोऱ्याचे वेढे देऊन बांधावीं, म्हणजे टोंकें गळाच्या वांकापलीकडे बोटभर लोंबत राहतील. दोरा मेणावा किंवा वर लाखेचा थेंब द्यावा. शिशाचें डोकें व गळाचा डोळा असे ठेवावे कीं पाण्यांत गळाचें टोंक वर राहील. टोंक खालीं राहिलें तर मासा मिळण्याऐवजीं खडक मिळतो. फेंकल्यावर हें आमिष बुडूं द्यावें, काठीचें टोंक झटक्यानें उचलावें, पुनः बुडूं द्यावें. मासा बहुधा तें खालीं जात असतांना धरतो, म्हणून दोरा अगदीं सैल सोडूं नये. ईलियनच्या पिसांपासून ह्या पिसांपर्यंत अठराशें वर्षें गेलीं, पण बांधणाऱ्याच्या बोटांना फारसें नवें शिकावें लागलेलें नाहीं.

चमच्याचें आमिष म्हणजे पळीच्या पानासारखा वांकविलेला पत्रा. त्याच्या दोन्ही टोंकांस भोंकें पाडून एका बाजूस दोऱ्याची कडी व दुसऱ्या बाजूस गळाची कडी घालावी. तो डुलला पाहिजे, गरगर फिरतां कामा नये; फार वेगानें ओढला तर गरगर फिरतो आणि दोऱ्याला पीळ पडतो. म्हणून त्याच्या आधीं फिरकीची कडी घालतात. रबरी शेपटी खोंवतांना गळ आधीं तिच्या अंगाशीं धरून टोंक कोठें बाहेर येईल तें पाहून ठेवावें. नाकांतून शिरलेला गळ बरोबर पाठीच्या मध्यावर निघावा. शेपटी तसूभर जरी वांकडी बसली तरी ती पोहत नाहीं, लोळते, आणि लोळणाऱ्या शेपटीला मासा ओळखतो.

ह्या किनाऱ्यावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. उत्तनच्या खडकांवर कालवांची धार वस्तऱ्यासारखी असते. म्हणून मुख्य दोरा कितीहि बारीक असला तरी शेवटचा हातभर दोरा जाड घालतात. वाकटीसारख्या दांताळ माशाची शक्यता असेल तेथें वीतभर तार घालतात. आमिषाला दोरा घट्ट न आवळतां सैल फांसानें बांधला तर तें मोकळेपणीं डुलतें. गांठ आवळण्यापूर्वीं ती ओली करावी, हें तर कोणताहि जाणता मनुष्य पहिल्यांदां सांगेल. कोरडी गांठ घर्षणानें तापते आणि तेथेंच नायलॉन तुटतो. आणि उलटा कांटा पकडीनें चेपून ठेवावा, हें आमचें आग्रहाचें सांगणें आहे, माशासाठीं व बोटांसाठींहि.

पण ह्या सर्वांचा गढूळ खाडींत काय उपयोग, असा प्रश्न वाचकांच्या मनांत आला असेल. तो रास्त आहे. माशाच्या दोन्ही अंगांवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते. पाण्यांतली थरथर तिनें त्याला जाणवते. ज्याला दिसत नाहीं त्यालाहि शेजारून गेलेला मासा कळतो तो तिच्यायोगें. नव्या फसव्या आमिषांपैकीं जीं खाडींत चालतात तीं चकाकीवर चालत नाहींत, थरथरीवर चालतात: पोटांत छर्रे घातलेले खुळखुळणारे मासे, पाणी कापतांना कंप पावणारे पत्रे, रुंद शेपटीचीं जड रबरें. पीस व शिंपला ह्यांच्या युगांत असली वस्तु सहज करतां येण्यासारखी नव्हती. म्हणजे ज्या कलेला हें पाणी शतकानुशतकें अडवून होतें, तिला वाट मिळाली ती विसाव्या शतकांत.

तरीहि पाणी निवडावें लागतेंच, आणि येथें जुनें ज्ञान नव्या हत्याराच्या पुढें उभें राहतें. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी ढवळून निघते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. प्रवाह मंदावतो, गाळ खालीं बसतो, पाणी थोडें निवळतें. पावसाळ्यानंतर, थंडीच्या महिन्यांत, तें आणखी निवळतें. परदेशी आमिषांच्या डब्यावर हें लिहिलेलें नसतें. हें ज्यांना ठाऊक आहे त्यांतले पुष्कळजण आतां डोलीवर जात नाहींत, खाजणांतहि उतरत नाहींत, आणि त्यांचे नातू सकाळच्या गाडीनें चर्चगेटला जातात.

जिताडा हा ह्या पाण्यांतला राजा मासा. पावसाळ्यांत तो नदीमुखाशीं अंडीं घालतो आणि पिल्लें तिवरांच्या मुळांतून व खाजणांच्या निमखाऱ्या पाण्यांत वाढतात. पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी कीं, जिताडा बहुधा आधीं नर असतो आणि कांहीं वर्षांनीं तोच मादी होतो. म्हणून मोठ्यांत मोठा जिताडा ही बहुधा मादी, लाखों अंडीं पोटांत बाळगणारी. डोलीला किंवा उघाडीच्या जाळ्याला लहान-मोठें कळत नाहीं. गळाचा मासा मात्र जिवंत हातीं येतो, आणि धरणाऱ्याला त्याच्याकडे पाहून तो ठेवावयाचा कीं सोडावयाचा हें ठरवितां येतें. फसव्या आमिषाच्या बाजूनें आम्हांस सर्वांत वजनदार वाटणारी गोष्ट ही आहे. उलट बाजूहि सांगितली पाहिजे. खडकांत अडकून तुटलेलीं रबरें व दोरे कुजत नाहींत. पीस कुजे, सूतहि कुजे.

खाजणच उरलें नाहीं तर मात्र पिल्लाला वाढण्यास जागा उरत नाहीं, मग वर जाळें असो कीं गळ. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं तिवरांची तोड थांबविण्याचा आदेश दिला आणि २०१८ सालीं तो निकालानें कायम केला. भाईंदरपासून राईपर्यंत इमारतींची रांग सरकत येत असतां त्या आदेशाचें मोल नकाशावर पाहण्यापेक्षां ओहोटीच्या वेळीं उघाडीपाशीं उभें राहून पाहावें. पाणी अर्धें उतरलें म्हणजे आंतली कोळंबी व बारीक बोय दाराकडे ओढली जाते. दाराखालीं जो भोंवरा पडतो त्याच्या मध्यांत मासा नसतो, त्याच्या कडेला, जेथें धांवतें व थांबलेलें पाणी एकमेकांस लागतें तेथें, जिताडा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. आमिष भोंवऱ्याच्या वरच्या अंगास टाकावें आणि पाण्यालाच तें त्याच्यापुढें नेऊं द्यावें. तो चावत नाहीं. तोंड एकदम उघडून पाण्यासकट घांस आंत ओढतो, आणि त्या वेळीं होणारा आवाज बांधावर उभ्या असलेल्यास स्पष्ट ऐकूं येतो.